‘नाबाद ४४३’ : महाराष्ट्र संघाचा १९४८-४९ चा क्रिकेट-हंगाम आणि मराठी क्रीडापरिभाषा

क्रीडाविषयक लेखन भाषाभ्यासकांच्या दृष्टीने बहुधा उपेक्षित राहते. ते वर्तमानपत्राच्या शेवटल्या पानावर छापले जाते आणि दुसऱ्या दिवशी शिळे होते, हे त्या उपेक्षेचे एक कारण असावे. परंतु परकीय खेळ परकीय नियमांसह एखाद्या समाजात रुजतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक कृतीला नाव द्यावे लागते. आणि ते नाव देताना भाषा आपल्या कोणत्या कोठारातून माल काढते, हे पाहणे उद्बोधक असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र संघाच्या रणजी करंडक स्पर्धेतील १९४८-४९ च्या हंगामाची हकीकत द्यावयाची असून, ती देताना मराठी क्रीडापरिभाषेतील काही शब्दांची फोड करावयाची आहे. ह्या हंगामात दोन सामने असे झाले की, त्यांचे आकडे जगाच्या क्रिकेट-वाङ्मयात कायमचे नमूद झाले. त्यांतील एक सामना पुरा झाला नाही. दुसरा पुरा झाल्यावाचून राहीनाच. ‘पुरे होणे’ आणि ‘अपुरे राहणे’ ह्यांसाठी मराठीने कोणते शब्द योजले, हा ह्या लेखाचा खरा विषय होय.

‘हंगाम’ ह्या शब्दापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. हा फारसी शब्द मराठीत मुख्यतः शेतकऱ्याच्या तोंडी रुळला. मोडनिंब, माढा, कुर्डुवाडी ह्या टापूत ‘हंगाम’ म्हटले की मनात येते ती रब्बीची ज्वारी. ती भाद्रपद-आश्विनात पेरावी, थंडीत हुरड्याला यावी आणि फाल्गुनाच्या सुमारास काढावी, असा तिचा क्रम. आपल्याकडील क्रिकेटचा हंगामही नेमका ह्याच महिन्यांचा, कारण पावसाळ्यात मैदान मिळत नाही. येथे हंगामाच्या कल्पनेतील एक भेदही ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत बेसबॉल ह्या खेळाचे व्यावसायिक संघ विसाव्या शतकाच्या मध्यास एका हंगामात १५४ सामने खेळत. खेळाडू करारबद्ध व पगारी असत, आणि एका दिवशीचा पराभव दुसऱ्या दिवशी भरून काढता येत असे. १९४८ साली तेथील जागतिक मालिका क्लीव्हलंडच्या संघाने जिंकली, ती अशा दीर्घ शर्यतीच्या शेवटी. आपल्याकडील रणजी स्पर्धा त्या काळी बाद पद्धतीची होती. एक सामना हरला की वर्षाचा हंगाम संपला. खेळाडू बव्हंशी नोकरदार किंवा एखाद्या संस्थानाच्या आश्रयाने असलेले. होळकरांच्या इंदूर संघात कर्नल सी. के. नायडू यांच्यासारखे खेळाडू संस्थानच्या चाकरीत होते, आणि व्यावसायिक संघाच्या कल्पनेजवळ जाणारी आपल्याकडील वस्तू कोणती असेल तर ती हीच. महाराष्ट्र संघाला असा राजाश्रय नव्हता. त्याची घडण पुण्यातील महाविद्यालये, जिमखाने आणि दक्षिणेकडील लहान संस्थाने ह्यांतून झाली होती.

तरीही हा संघ दुबळा नव्हता. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने रणजी करंडक जिंकला होता. त्याचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे अध्यापक होते, आणि ही बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने निव्वळ योगायोगाची असली तरी सुखद आहे. १९३९-४० च्या हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या. देवधर १९४६ साली निवृत्त झाले. १९४८-४९ मध्ये त्यांचे पुत्र शरद देवधर संघात होते. हजारे बडोद्याकडे गेलेले होते. ज्यांच्या नावाने हा हंगाम ओळखला जातो ते भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ चा. म्हणजे ज्या सामन्याविषयी लिहावयाचे आहे त्याच्या आरंभी त्यांना एकोणतीस वर्षे पुरी होऊन अवघे चार दिवस झाले होते.

काठेवाड आणि महाराष्ट्र यांचा सामना १६ डिसेंबर १९४८ रोजी पुण्यात सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राच्या डावात के. व्ही. भांडारकर आणि निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. ब्रॅडमन व पॉन्सफर्ड यांनी १९३४ साली ओव्हल मैदानावर दुसऱ्या गड्यासाठी ४५१ धावा जोडल्या होत्या. पुण्याच्या जोडीने तो आकडा चार धावांनी ओलांडला. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी खेळ मध्यंतरासाठी थांबला तेव्हा महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ होती आणि निंबाळकर नाबाद ४४३ होते. ४९४ मिनिटे, ४९ चौकार आणि १ षटकार. चौकार-षटकारांच्या २०२ धावा वजा केल्या तर उरलेल्या २४१ त्यांनी पायांनी धावून काढल्या. जोडीदाराच्या धावांसाठी घेतलेली धाव निराळीच.

त्या वेळी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या डॉन ब्रॅडमन यांची होती : नाबाद ४५२, सिडनी येथे, जानेवारी १९३० मध्ये, न्यू साऊथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध. निंबाळकर तिच्यापासून नऊ धावांवर होते. मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी महाराष्ट्राने डाव घोषित करावा असा आग्रह धरला आणि तो मान्य होत नाही असे दिसताच सामना सोडून दिला. मध्यंतरानंतर खेळ झालाच नाही. काठेवाडने सामना सोडल्यामुळे महाराष्ट्र विजयी, अशी नोंद झाली.

ह्या प्रसंगाची चर्चा पुष्कळदा नैतिक अंगाने होते. ठाकोरसाहेबांचे वर्तन खिलाडूपणाला सोडून होते, असा एकंदर सूर असतो. आमच्या मते येथे थोडा विवेक करावयास हवा. त्या काळी सामना पुरा न झाल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धावांची झाली होती. म्हणजे निकालाच्या दृष्टीने त्यापुढील फलंदाजीला अर्थ उरला नव्हता. ती केवळ एका आकड्यासाठी चालणार होती. ज्या संघाला उन्हात उभे राहून तो आकडा पुरविण्याचे काम करावयाचे होते त्याने कुरकुर केली, हे समजण्यासारखे आहे. परंतु नऊ धावांना किती वेळ लागला असता? दोन-तीन षटके. तेवढ्यासाठी सामना सोडणे आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूला जन्मात एकदाच येणारी संधी नाकारणे, ह्याचे समर्थन करता येत नाही. आणखी एका गोष्टीचा निर्देश करणे योग्य होईल. फेब्रुवारी १९४८ मध्ये काठेवाडातील संस्थाने विलीन होऊन तेथे एक संघराज्य स्थापन झाले होते आणि त्याचे नाव लवकरच ‘सौराष्ट्र’ असे झाले. क्रिकेट संघ मात्र अद्याप जुन्या नावाने खेळत होता, आणि त्याचे नेतृत्व ज्यांचे राज्य दहा महिन्यांपूर्वी संपले होते अशा एका राजाकडे होते. ह्यावरून मानसशास्त्रीय अनुमान काढण्याचा मोह आम्ही आवरतो. पण वस्तुस्थिती नमूद करून ठेवतो.

आता शब्दांकडे वळू. खेड्यातील मुलांच्या खेळात ‘डाव’ हा शब्द दुहेरी असतो. विटीदांडूत एक गडी डाव ‘घेतो’ म्हणजे खेळतो, आणि दुसरा डाव ‘देतो’ म्हणजे विटी आणून टाकण्याचे, पळण्याचे, दमण्याचे काम करतो. प्रस्तुत लेखकाने मोडनिंबकडील बोलीत हा प्रयोग असंख्य वेळा ऐकला आहे. आपला डाव घेऊन झाल्यावर दुसऱ्याचा डाव न देता घरी पळून जाणे, ह्याहून मोठा अपराध त्या दुनियेत नाही. ‘माझा डाव दे’ ही मागणी दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारातही केली जाते, म्हणजे डाव हे एक प्रकारचे ऋण असते. ‘रडीचा डाव’ हा शब्दप्रयोगही ह्याच परिसरातला. इंग्रजी नियमपुस्तकात डाव ही एका पक्षाची खेळण्याची पाळी आहे, पण क्षेत्ररक्षण करणारा पक्ष ती पाळी ‘देत’ आहे ही जाणीव त्या शब्दात नाही. मराठी शब्दात ती आहे. काठेवाडचा संघ स्वतःचा डाव घेऊन बसला होता आणि आता डाव देत होता. नियमपुस्तकाच्या भाषेत त्याने सामना सोडला आणि त्याचे फळ म्हणून तो हरला. हिशेब तेथे मिटतो. मराठी मुलाच्या भाषेत त्याने डाव दिला नाही, आणि हे देणे तो हरल्याने फिटत नाही. निंबाळकरांच्या नऊ धावांविषयी मराठी मनाला आजही जी हळहळ वाटते तिच्या मुळाशी केवळ आकड्याचा लोभ नसून ही देण्याघेण्याची कल्पना असावी, असे आम्हांस वाटते.

‘नाबाद’ हा शब्द पाहा. ‘ना’ हा फारसी नकारवाचक उपसर्ग; नापसंत, नाराज, नामंजूर, नालायक ह्या शब्दांत तो आपल्या परिचयाचा आहे. ‘बाद’ हा शब्द मराठीत दप्तराच्या व हिशेबाच्या भाषेतून आला. रक्कम बाद जाते, नाणे बाद होते, मत बाद ठरते. जी वस्तू हिशेबातून वगळली ती बाद. देशी खेळांत गडी ‘मरतो’ : हुतुतूत तो मेला की बाहेर जाऊन बसतो आणि पुढे जिवंत होऊन परत येतो. क्रिकेटमध्ये तसे पुनरुज्जीवन नाही. म्हणून मराठीने येथे मरण्याचा शब्द न घेता हिशेबनिसाचा शब्द घेतला, हे अर्थाच्या दृष्टीने अगदी अचूक झाले. मात्र त्याचा एक परिणाम झाला. ‘नाबाद’ ह्याचा अर्थ ‘अजून हिशेबात असलेला’ असा होतो. खेळ चालू असेपर्यंत हे विशेषण तात्पुरत्या अवस्थेचे वाचक आहे. डाव संपला की ते कायमचे होते. निंबाळकर १८ डिसेंबर १९४८ पासून नाबाद आहेत. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापूर येथे, त्र्याण्णव वर्षे पुरी व्हावयास एक दिवस उरला असता, त्यांचे निधन झाले, तरी त्या डावापुरते ते नाबादच आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर अपूर्ण क्रियेचे रूप येथे पूर्ण क्रियेच्या ठिकाणी गोठून राहिले आहे.

ब्रॅडमन यांचा डावही नाबादच होता, आणि त्यातही चौकार ४९ च होते. परंतु तो थांबविला त्यांच्याच कर्णधाराने, ८ बाद ७६१ वर डाव घोषित करून. एक नाबाद स्वपक्षाच्या इच्छेने झाला, दुसरा प्रतिपक्षाच्या. शब्द मात्र दोहोंसाठी एकच. पुढे जानेवारी १९५९ मध्ये हनीफ महंमद यांनी कराचीत बहावलपूरविरुद्ध ४९९ धावा काढून ब्रॅडमनला मागे टाकले आणि पाचशेवी धाव घेताना ते धावचीत झाले. १९९४ साली ब्रायन लारा यांनी वॉरिकशायरकडून डरहॅमविरुद्ध नाबाद ५०१ धावा केल्या. लारा, हनीफ, ब्रॅडमन, निंबाळकर असा हा क्रम आहे. भारतीय खेळाडूने प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये केलेली सर्वोच्च धावसंख्या निंबाळकरांचीच होय. एवढे असून ते भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. चारशेच्या वर धावा करूनही कसोटी न खेळलेला खेळाडू म्हणून त्यांचे नाव दीर्घकाळ एकटेच घेतले जाई; २०२२ साली लेस्टर येथे ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्ट यांनी नाबाद ४१० धावा केल्यावर त्यांना सोबती मिळाला.

‘धावचीत’ ह्या शब्दाचा उल्लेख वर आला. ‘बाद’ आणि ‘चीत’ ही दोन उत्तरपदे मराठीने कशी वाटून घेतली आहेत, हा प्रश्न आमच्या मते चिंतनीय आहे. त्रिफळाचीत, यष्टिचीत, धावचीत, पायचीत, स्वयंचीत, पण झेलबाद. ‘चीत’ हा आखाड्यातला शब्द. पाठ जमिनीला टेकून उताणा पडलेला मल्ल चीत झाला. आता वरील प्रकार तपासून पाहिले तर असे दिसते की, त्रिफळा, यष्टी, धाव व स्वयं ह्या चारही प्रकारांत यष्टी किंवा तिच्यावरील दांड्या प्रत्यक्ष पाडल्या जातात. कोणीतरी, काहीतरी जमिनीवर येते. झेल घेतला असता काहीच पडत नाही. उलट पडणारी वस्तू अधांतरी धरली जाते. म्हणून तेथे ‘चीत’ लागू पडत नाही आणि हिशेबाचा ‘बाद’ येतो. पायचीत हा ह्या व्यवस्थेला अपवाद वाटेल, परंतु तो तसा नाही. पाय आडवा आला नसता तर यष्टी पडली असती, ह्या संकेतार्थी कल्पनेवरच तो निर्णय उभा असतो. ही विभागणी कोणी एकाने बसून केली असेल असे नाही. भाषेच्या व्यवहारात ती आपोआप झाली असणे अधिक संभवनीय आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहे.

इतर काही शब्द इतके निर्दोष नाहीत. ‘गोलंदाज’ म्हणजे मराठ्यांच्या सैन्यातील तोफा डागणारा शिपाई. ‘अंदाज’ हे फारसी उत्तरपद फेकणाऱ्याचे वाचक आहे, जसे तिरंदाज. चेंडू फेकणाऱ्याला गोलंदाज म्हणणे उत्तमच झाले. पण त्याच्या जोडीला म्हणून ‘फलंदाज’ घडविला गेला, आणि व्युत्पत्तीच्या न्यायाने पाहिले तर तो फळी फेकणारा ठरतो! भाषेला जोडी जुळविण्याची हौस असते. अशा वेळी ती अर्थाची फिकीर करीत नाही, आणि शब्द चालतो. ‘षटक’ ह्या शब्दाची अडचण निराळी. त्यात सहाची संख्याच कोरलेली आहे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत दीर्घकाळ आठ चेंडूंची पद्धत होती. ब्रॅडमनच्या ४५२ धावा त्या पद्धतीतल्या. म्हणजे मराठी वृत्तलेखकाला आठ चेंडूंचे षटक लिहिणे प्राप्त होते. पंचवीस आंब्यांचा पाव शेकडा मोजणाऱ्या समाजाला त्यात विशेष अडचण वाटली नसावी.

वाक्यरचनेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे तो धावसंख्या सांगण्याचा प्रकार. ‘४ बाद ८२६.’ इंग्लंडात धावा आधी सांगतात आणि गमावलेले गडी मागून. मराठीने क्रम उलटा ठेवला, आणि ऑस्ट्रेलियातही असाच क्रम रूढ आहे. परंतु मराठीने तो तिकडून उचलला असे मानण्याचे कारण नाही. ‘चार गडी बाद झाले असता आठशे सव्वीस धावा’ ह्या वाक्याचा हा संक्षेप होय. ‘असता’ ही रचना म्हणजे संस्कृतातील सति सप्तमीची मराठीतील वारस. आधी परिस्थिती सांगावयाची, मग घटना. देवधरांसारख्या संस्कृतज्ञ कर्णधाराला ही रचना विनोदाने का होईना पसंत पडली असती, असे वाटते.

दुसरा सामना ह्याच्या अगदी उलट स्वभावाचा. महाराष्ट्राचा उपान्त्य सामना मुंबईशी पुण्यात ५ मार्च १९४९ रोजी सुरू झाला आणि ११ मार्चला संपला. निकाल लागेपर्यंत खेळावयाचे असा दंडक होता. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या : माधव मंत्री २००, उदय मर्चंट १४३, दत्तू फडकर १३१. महाराष्ट्राने ४०७ धावांचे उत्तर दिले, त्यांत दातार १४३ आणि मधुसूदन रेगे १३३. मुंबईने पुन्हा फलंदाजी करून ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. मर्चंट १५६, फडकर १६०. म्हणजे ह्या दोघांनी दोन्ही डावांत शतके केली. विजयासाठी ९५९ धावा हव्या असताना महाराष्ट्राचा चौथा डाव ६०४ धावांवर संपला. शरद देवधर १४६, रेगे १०० : रेग्यांचेही दोन्ही डावांत शतक. मुंबई ३५४ धावांनी विजयी. एकूण धावा २,३७६, शतके नऊ. प्रथम दर्जाच्या क्रिकेटच्या इतिहासात एका सामन्यात इतक्या धावा दुसरीकडे कोठेही झालेल्या नाहीत.

चौथ्या डावात सहाशे चार धावा करूनही साडेतीनशेच्या वर धावांनी हरणे, ही गोष्ट हास्यास्पद म्हणावी की करुण, हे सांगणे कठीण. खेळपट्टी फलंदाजांना अतिशय अनुकूल होती हे उघडच आहे. परंतु कालमर्यादा काढून टाकली की फलंदाज घाई करीत नाही, हेही कारण तितकेच महत्त्वाचे. डरबन येथे १९३९ साली इंग्लंड व दक्षिण आफ्रिका यांचा असाच कालमर्यादाविरहित कसोटी सामना खेळाच्या दहाव्या दिवशी सोडून द्यावा लागला, कारण इंग्लंडच्या संघाची बोट सुटणार होती. इंग्लंडच्या त्या वेळी ५ बाद ६५४ धावा झाल्या होत्या आणि हव्या होत्या ६९६. पुण्याच्या सामन्याच्या एकच महिना आधी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, मुंबईत भारत व वेस्ट इंडीज यांचा शेवटचा कसोटी सामना ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन संपला होता. ३६१ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना भारत ८ बाद ३५५ वर पोहोचला आणि शेवटच्या षटकाचे पाचच चेंडू पडले असताना खेळ थांबला. त्या वेळी खेळपट्टीवर नाबाद ३७ होते ते हेच फडकर. एका महिन्याच्या अंतराने त्यांनी काळाची टंचाई आणि काळाची सुबत्ता अशी दोन्ही रूपे पाहिली.

मराठीत ‘सामना निकाली होणे’ हा प्रयोग कुस्तीच्या फडातून आला आहे. फडात निकाली कुस्तीला मान असतो. बराच वेळ झुंजून सोडविलेल्या कुस्तीला तो नसतो. पुण्याचे हे दोन सामने ह्या कसोटीवर घासून पाहिले तर डिसेंबरातील सामना निकालाने जिंकलेला पण निकाली नव्हे, आणि मार्चमधील सामना हरलेला पण पुरेपूर निकाली असे म्हणावे लागते. विजयी सामन्याविषयी हळहळ आणि पराभूत सामन्याविषयी अभिमान, अशी जी विपरीत भावना महाराष्ट्रात दिसून येते तिचा उलगडा ह्यातून होण्याजोगा आहे.

राहता राहिले संघाचे नाव. डिसेंबर १९४८ मध्ये ‘महाराष्ट्र’ नावाचा प्रांत अस्तित्वात नव्हता. भाषावार प्रांतरचनेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या दार आयोगाने आपला प्रतिकूल अहवाल १० डिसेंबर १९४८ रोजी सादर केला. निंबाळकर खेळावयास उतरले ते त्यानंतर सहा दिवसांनी. त्याच विषयावर नेहरू, पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीचा अहवाल एप्रिल १९४९ मध्ये आला, म्हणजे मुंबईशी झालेल्या सामन्यानंतर महिन्याच्या आतच. ह्या दोन अहवालांच्या मधल्या काळात, १० फेब्रुवारी १९४९ रोजी, पुणे विद्यापीठ स्थापन झाले. अशा वेळी ‘महाराष्ट्र’ हे नाव अधिकृतपणे धारण करून भारतभर हिंडणाऱ्या थोड्या संस्थांपैकी हा क्रिकेट संघ एक होता, आणि तो ‘मुंबई’ नावाच्या दुसऱ्या संघाशी लढत होता. ह्यावरून लगेच मोठे निष्कर्ष काढू नयेत. मुंबईच्या संघातील मंत्री नाशिकचे, फडकर जन्माने कोल्हापूरचे. आणि महाराष्ट्राकडून दोन शतके काढणारे रेगे पनवेलचे, म्हणजे पुण्यापेक्षा मुंबईला जवळचे. मैदानावर मराठी दोन्ही बाजूंनी बोलली जात होती. एवढे मात्र म्हणता येते की, स्थलनामाचा अर्थ राजकीय नकाशाने निश्चित होण्यापूर्वीच वापराने घडत असतो, आणि त्या वापराचा एक भाग वर्तमानपत्रातील धावफलक हा होता. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. क्रिकेटचे संघ मात्र वेगळेच राहिले. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ ह्या शब्दाचा क्रिकेटमधील अर्थ राज्याच्या अर्थाहून आजही संकुचित आहे. ‘महाराष्ट्र हरला, मुंबई जिंकली’ हे वाक्य भूगोलाच्या तासाला अशुद्ध आणि क्रीडापृष्ठावर शुद्ध ठरते.

ही परिभाषा कितपत बोलली जाते, असाही प्रश्न रास्त आहे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी तिला आवाज दिला आणि ती घरोघर पोहोचविली. त्यापूर्वी ती प्रामुख्याने छापील होती. पुणे-सोलापूर रस्त्यावरील आणि त्या काळी कुर्डुवाडी-पंढरपूर अशा बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गावरील मोडनिंबसारख्या गावी क्रिकेट पोहोचले ते वर्तमानपत्रातून आणि पुढे नभोवाणीवरून. म्हणजे शब्द आधी आले आणि चेंडूफळी मागून. असे असूनही आज त्या मैदानावर कान दिला तर ‘त्रिफळाचीत’ ऐकू येत नाही. ‘दांडी गुल’ ऐकू येते. ‘झेलबाद’ नाही, ‘क्याच’. ‘धावा’ क्वचित, बहुधा ‘रन’. ह्याच मुलांच्या हाती वर्तमानपत्र दिले तर ती ‘पायचीत’ हा शब्द न अडखळता वाचतात आणि त्याचा अर्थ विचारीत नाहीत. म्हणजे ही परिभाषा त्यांना परकी नाही. ती त्यांची वाचनाची भाषा आहे, खेळण्याची नव्हे. अपवाद दोनच शब्दांचा. ‘डाव’ आणि ‘गडी’ हे शब्द वर्तमानपत्रात आहेत तसेच मैदानावरही आहेत, कारण ते क्रिकेटसाठी घडविलेले नव्हेत. विटीदांडू आणि हुतुतू ह्यांच्याबरोबर ते तेथे पूर्वीपासूनच नांदत होते.

त्या हंगामाचा करंडक मुंबईने अंतिम सामन्यात बडोद्याचा पराभव करून जिंकला. महाराष्ट्राचा संघ पुढे १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ ह्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. निंबाळकर होळकर, राजस्थान, रेल्वे अशा निरनिराळ्या संघांतून पुष्कळ वर्षे खेळले. ४५५ धावांच्या भागीदारीचा आकडा १९९१-९२ मध्ये आसामच्या जोडीने मागे टाकला. २,३७६ हा आकडा अद्याप कोणी गाठलेला नाही.